सोळा लावली, आठच चालते!

प्रश्न : झेरॉक्स सेंटरच्या डेस्कटॉपला डीडीआर 4 रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक आहेत. मार्चपर्यंत सगळं ठीक होतं. आता विंडोज 10 मध्ये ‘16.0 जीबी’ आणि पुढे कंसात ‘7.93 जीबी युजेबल’ असं दिसतं. बर्डीवरच्या दुकानदाराने विंडोज नव्याने टाकून दिली, फरक पडला नाही. नवी रॅम घ्यावी का?
– वाचक, मानेवाडा रोड

उत्तर : इतक्यात नको. प्रत्येक स्टिकवर एक बारीक चिप असते, तिच्यात स्टिकची क्षमता आणि वेग नोंदलेला असतो. ही नोंद वेगळ्या पिनांवरून वाचली जाते, म्हणून विंडोजला 16 कळतात. पण डेटाच्या पिनांपैकी एखादी नीट टेकत नसेल, तर मदरबोर्ड सुरू होतानाच ती स्टिक वगळू शकतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा; ‘हार्डवेअर रिझर्व्ड’समोर आठच्या आसपास आकडा दिसेल.

रनमध्ये एमएसकॉन्फिग टाकून बूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम मेमरी’वर खूण असेल तर काढा. विंडोज नवी असल्याने ती बहुधा नसेलच. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जा. तिथेही एकूण मेमरी 8 च दिसली, तर विंडोजला दोष देणं थांबवा.

मार्चनंतर बिघडलं, म्हणजे खोलीतला कूलर सुरू झाल्यावर. कॅबिनेट कूलरच्या झोतात आहे का? ओलसर हवेत धूळ चिकट होते आणि स्टिकच्या सोनेरी पट्ट्यांवर तिचा थर बसतो. मेन स्विच बंद करून वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मगच स्टिक काढा. पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या. खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. आणि तोंडाने फुंकर मुळीच नको, थुंकीचे कण आत जातात. स्लॉट ब्रशने झाडा. स्टिक खटका बसेपर्यंत दाबा. काही बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो, त्यामुळे दुसरी बाजू अर्धवट राहिलेली कळत नाही. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून बहुतेक बोर्डांवर दुसरा आणि चौथा वापरायचा.

तरीही आठच? मग एकेक स्टिक एकेका स्लॉटमध्ये लावून पाहा. एकच स्टिक कुठेही चालत नसेल तर ती गेली, तेवढी बदला. दोन्ही स्टिक एका ठरावीक स्लॉटमध्ये चालत नसतील तर दोष स्लॉटमध्ये किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये. तिथे वाकलेली पिन किंवा प्रोसेसरवरच्या कूलरचे कमी-जास्त आवळलेले स्क्रू हे नेहमीचे गुन्हेगार. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. कूलर उचलला की थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) नवी लावावीच लागते. वाकलेली पिन मात्र अनुभवी कारागिराकडेच द्या.

प्रश्न : रायझेन प्रोसेसरच्या नव्या लॅपटॉपमध्ये 8 पैकी 5.9 जीबीच वापरता येते. फसवणूक झाली का?
– वाचक, गोधनी

उत्तर : नाही. प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सने 2 जीबी राखून ठेवली आहे. बायोसमध्ये ‘यूएमए फ्रेम बफर साइझ’ असेल तर 512 एमबी करा. पुष्कळ लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिलेलाच नसतो. रिकामा स्लॉट असेल तर आणखी 8 जीबीची स्टिक टाकणं बरं, दोन स्टिकमुळे ग्राफिक्सही सुधारतं.

प्रश्न : इंटेलच्या एच 61 चिपसेटच्या जुन्या बोर्डात 8 जीबीची नवी डीडीआर 3 स्टिक लावली की स्क्रीन काळीच राहते. जुनी 4 जीबीची मात्र चालते.
– वाचक, कामठी

उत्तर : नव्या स्टिकवरच्या काळ्या चिपा मोजा. आठच असतील तर प्रत्येक चिप 1 जीबीची आहे आणि एच 61 ला एवढी दाट चिप समजत नाही. तुम्हाला दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपा असलेली, 512 एमबीच्या चिपांची 8 जीबी स्टिक लागेल. अशा दोन लावल्या की 16 जीबी, त्यापुढे हा बोर्ड जात नाही. दुकानात ‘8 जीबी डीडीआर 3’ एवढंच सांगू नका, चिपा मोजूनच घ्या.