जुन्या गाडीत कोणतं पेट्रोल टाकायचं?

2014ची गाडी घेतलीस, छान. आधी मॅन्युअल उघड आणि किमान किती ऑक्टेन (पेट्रोल इंजिनात अवेळी पेटण्याला किती विरोध करतं, तो आकडा) लागतं ते बघ. 91 पुरत असेल तर 100 ऑक्टेनचं महागडं पेट्रोल टाकून ताकद वाढत नाही, खिसा तेवढा हलका होतो.

खरा प्रश्न इथेनॉलचा, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळतात त्या अल्कोहोलचा. पंपावर आता बहुतेक ठिकाणी ई20च (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, आणि तुझी गाडी त्या हिशेबाने बनलेली नसणार. ॲव्हरेज थोडं पडेल, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने कमी. ते चालवून घे. पण रबरी होज आणि सील सर्व्हिसिंगला तपासूनच घे, मेकॅनिक 'काही होत नाही साहेब' म्हणाला तरी. शिवाय गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नकोस; इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.