तुमचे प्रश्न : पावसात रुसलेली कॉइल

प्रश्न (गुहागर) : दादा, मी अकरावीला आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी स्पार्क कॉइल (थोड्या व्होल्टचे हजारो व्होल्ट करून ठिणगी पाडणारी तारेची गुंडाळी) घरी बनवलीय, पीव्हीसी पाइपवर ४० गेजच्या तारेचे १२,००० वेढे, २० थर, हाताने! मे महिन्यात १२ मिमीची ठिणगी पडायची, पाऊस लागल्यापासून ४ मिमी पण धड नाही आणि आतून चर्रचर्र आवाज येतो. आजोबा म्हणतात दमट हवेतून करंट गळतो. खरं काय?

उत्तर : १२,००० वेढे हाताने म्हणजे आधी तुझ्या मनगटाला नमस्कार. आजोबांचं अर्धं बरोबर आहे. गळतो हे खरं, पण हवेतून नाही. दमट हवा उलट व्होल्टेजपुढे कोरड्या हवेपेक्षा किंचित जास्तच टिकते. करंट जातो तो पाइपच्या आणि कॉइलच्या अंगावरून. तुमच्याकडे खारं वारं बारा महिने, प्रत्येक वस्तूवर मिठाचा पातळ थर बसतोच, आणि आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं (घरातली मिठाची बरणी बघ, पावसाळ्यात काय होतं तिचं). म्हणजे तुझ्या कॉइलला बाहेरून मिठाच्या पाण्याची वायरच जोडलीय म्हण ना. विजेच्या खांबावरचे चिनीमातीचे इन्सुलेटर असे चुणीदार का असतात? करंटला अंगावरून जायचा रस्ता लांब पडावा म्हणून.

पण आतला चर्रचर्र वेगळा आहे आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटते. हिशोब कर. सुईसारख्या टोकांमध्ये १२ मिमी म्हणजे अंदाजे १५ हजार व्होल्ट, (सेंटीमीटरला ३० हजार हा आकडा सगळे फेकतात तो गुळगुळीत गोळ्यांचा, टोकांचा नाही.) म्हणजे एका वेढ्याला सव्वा व्होल्ट. तुझ्या एका थरात ६०० वेढे, एक थर जाताना आणि दुसरा येताना, त्यामुळे एका टोकाला शेजारी शेजारी असलेल्या दोन तारांमध्ये तब्बल १५०० व्होल्ट, आणि मध्ये काय तर नुसतं इनॅमल, म्हणजे तारेवरचा पातळ लेप! त्यात ओल शिरली की संपलंच.

जुन्या लोकांनी हे केव्हाच सोडवलंय. पॅरिसमध्ये उपकरणं बनवणाऱ्या रुमकोर्फने १८५१ मध्ये कॉइलचं पेटंट घेतलं, आणि मग मोठ्या कॉइलचं सेकंडरी वाइंडिंग (बारीक तारेचं, जास्त व्होल्टचं) चकत्या चकत्यांत करायची पद्धत रुळली. तूही तसंच कर, पाइपवर १० खाचा, प्रत्येकीत १२०० वेढे, खाच जेमतेम ४-५ मिमी रुंद, म्हणजे थरात ३० च वेढे आणि शेजारच्या तारांमध्ये फक्त ७५ व्होल्ट. तार तीच, वेढे तेवढेच. मग मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून वार्निश आण किंवा पॅराफिन मेणात बुडव, पण त्याआधी कॉइल खोक्यात बल्बच्या उबेला दोन दिवस नीट वाळव, नाहीतर ओल आतच कोंडेल. मेण गरम पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळव, गॅसवर थेट नको. खरं सांगू, हे काम दिवाळीनंतरच काढ, श्रावणात नको.

आणि हातोड्याच्या (बॅटरीचा करंट सारखा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पट्टीच्या) पॉइंटवर कन्डेन्सर आहे ना? तू लिहिलं नाहीस. फ्रेंच शास्त्रज्ञ फिझोने १८५३ मध्ये तो लावला, त्याशिवाय ठिणगी पॉइंटवरच जळते, करंट झटकन तुटत नाही आणि सेकंडरीला जोर मिळत नाही. जुन्या स्कूटरचा कन्डेन्सर साधारण पाव मायक्रोफॅरडचा असतो, तो चालेल. टोकांना हात लावायचा तर आधी बॅटरी काढ, आणि घरात कोणाला पेसमेकर असेल तर त्यांच्या आसपास कॉइल चालवूच नकोस.

प्रश्न (हर्णै) : मुलगा कॉइल चालवतो तेव्हा रेडिओ नुसता खरखरतो. धक्क्यावर होड्यांचे वायरलेस असतात, त्यांना त्रास होईल का?

उत्तर : होऊ शकतो ताई, तुमची शंका बरोबर आहे. १८८७ मध्ये हर्ट्झने रेडिओ लहरी सिद्ध केल्या त्या ठिणगीनेच! ठिणगी एका स्टेशनवर बोलत नाही, सगळीकडे ओरडते. होड्यांचा मदतीचा चॅनेल १६, तिथे खरखर नको. धक्क्यापासून लांब, घरात, दोन-चार सेकंदच, आणि टोकाला लांब वायर तर अजिबात जोडू देऊ नका, तिची एरियल होते.

प्रश्न (सावंतवाडी) : मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढलाय. त्याने लाकडावर विजेसारखी नक्षी जाळून पर्यटकांना विकायचा विचार आहे. वायरिंग सांगाल का?

उत्तर : नाही. बॅटरीची कॉइल झटका देते, हा जीव घेतो. २००० व्होल्टच्या आसपास, मागे घरातली लाइन, आणि तुमचा ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पडणारच नाही कारण सेकंडरीचा करंट सेकंडरीतच फिरतो, त्याला तो दिसत नाही. या नक्षीपायी अमेरिकेत कित्येक जण गेलेत, त्यातले काही वर्षानुवर्षं लाकूडकाम करणारे होते. लाकूड जाळायचं पेन मिळतं, ते घ्या. ट्रान्सफॉर्मर भंगारवाल्याला किलोवर देऊन टाका.