लढाई पुन्हा मांडा, पण नदीच्या अलीकडून

कॉलेजात टेबलावर खेळलेली प्राचीन लढाई इतक्या वर्षांनी पुन्हा खेळायची तर नियम जुनेच ठेवावेत की नवे घ्यावेत, असं तुम्ही विचारलंय. नियम कोणतेही घ्या. मांडणी कुठून सुरू करता ते बघा.

आमची लढाई झेलम नदीकाठची, इ. स. पू. 326. परभणीत मी आणि चुलतभाऊ खेळायचो. तुकड्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या. हत्ती मात्र काळ्या मातीचे, पोळ्याचे बैल करून उरलेल्या गाऱ्यातून मीच वळलेले. दादा कायम अलेक्झांडर, मी पोरस. सैन्यं समोरासमोर मांडायची आणि फासे टाकायचे. मी हरलो की दादाचं ठरलेलं वाक्य, "हत्तींनीच घात केला, आपलीच माणसं तुडवली." हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

तुडवली हे खरं, पण कधी? अलेक्झांडरचा सरदार कोइनस, त्याचं घोडदळ पाठीमागून आलं, पोरसचे स्वार दबत दबत हत्तींच्या अंगावर गेले, हलायला जागा उरली नाही, त्यानंतर. लढाई त्याआधीच हातची गेली होती. अलेक्झांडरनं रात्री-रात्री काठावर गोंगाट करून पोरसला गाफील केलं, दुसरा सरदार क्रॅटेरस याला छावणीत ठेवलं आणि पावसाच्या रात्री वरच्या अंगाला नदी ओलांडली. एरियन हा प्राचीन इतिहासकार सांगतो, पोरसनं मुलाला 2,000 स्वार आणि 120 रथ देऊन पुढं धाडलं. ते रथ चिखलात रुतले. मृगाच्या पावसानंतर काळ्या रानात गाडी घातलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. चार पावलांत चाक मातीनं भरतं, आरे दिसत नाहीत, बैल मान टाकतात. पोरसच्या धनुर्धाऱ्यांची लांब धनुष्यं जमिनीला टेकवून ओढायची, तीही निसरड्यात टेकेनात, असं कर्टियस हा रोमन इतिहासकार लिहितो.

परवाच्या दिवाळीत दादा घरी आला तेव्हा माळ्यावरचा डबा काढला. माझी अट एकच, खेळ रात्रीपासून, नदीसकट. कुठं उतरायचं ते दादानं चिठ्ठीवर लिहून उलटं ठेवायचं. चिखलात रथांची चाल अर्धी, धनुर्धाऱ्यांचा एक गुण कमी. मी रथ पाठवलेच नाहीत. क्रॅटेरससमोर थोडे हत्ती ठेवले, बाकी फौज वाळूच्या टणक पट्ट्यावर उभी केली. पोरसनंही शेवटी अशीच जागा निवडली होती. दादाचं भालाईत पायदळ हत्तींपुढं दोनदा मागं सरलं. एका हत्तीची सोंड दादाच्या हातून तुटली, तरी तो रांगेत राहिला. हरलो मीच, पण माझ्या स्वारांना पुढून आणि मागून एकदम तोंड देता आलं नाही म्हणून. हत्तींची रांग तेव्हाही शाबूत होती.

एक सांगायचं राहिलं. अशा मांडणीला वेळ फार लागतो, आणि चिठ्ठी सांभाळायला तिसरा माणूस लागतो. डीबीए या प्राचीन लढायांच्या टेबल-खेळाच्या नियमांनी खेळत असाल तर तिथं दोन्हीकडं बाराच तुकड्या असतात. त्यात क्रॅटेरस, कोइनस आणि नदी बसवणं कठीण, तुकड्या वाढवा.

आणि भिडू जुनाच घ्या. दादानं फोनवर "घोडदळ कमी पडलं" इथपर्यंत मान्य केलंय, हत्तींचं नाव अजून काढत नाही. पुढच्या वेळी अलेक्झांडर मी घेणार, हत्ती त्याच्याकडं देणार.