पप्पांना अजून का नाही सांगितलंस?

कराडकडच्या एका कॉलेजातल्या एनसीसी कॅडेटचं पत्र आलंय. नाव देऊ नका म्हणतो, म्हणून नाव आणि कॉलेज गाळून, थोडं कापून देते.

“ताई, मी टीवाय बीएला आहे, वय २३. बारावीनंतर आयटीआय केलं, वर्षभर कंपनीत काढलं, मग कॉलेजला आलो, त्यामुळे बॅचमध्ये सगळ्यांत मोठा मीच. पहिल्या वर्षापासून एनसीसीत आहे. गेल्या २६ जानेवारीला गार्ड ऑफ ऑनरची कमांड माझ्याकडे होती. यंदा रँक लागल्या आणि सीनियर अंडर ऑफिसर, म्हणजे कॅडेटमधला सगळ्यांत वरचा हुद्दा, दिला माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान मुलीला. मी अंडर ऑफिसर, तिच्या खालोखाल. ती मुलगी आहे हा मुद्दा नाही. ती थल सैनिक कॅम्प, एनसीसीचा दिल्लीतला मोठा कॅम्प, करून आली, मी तेव्हा सुट्टीत कंपनीत जात होतो. पण वयाला काही मान आहे की नाही? परेडला तिला ‘जय हिंद मॅडम’ म्हणायचं आणि परेड सुटली की ती मला ‘दादा’ म्हणणार, हे तर जास्तच लागतं. एकदा गार्डचा क्रम विचारायला आली होती. मी म्हटलं, रँक तुझ्याकडे आहे, तू बघ. हल्ली परेडला जावंसं वाटत नाही, दोन-तीन बुडवल्या. पप्पांना अजून सांगितलेलं नाही, ते सुभेदार म्हणून रिटायर झालेत. मला स्वतःला एनसीसी स्पेशल एंट्रीतून ऑफिसर व्हायचंय. ताई, प्रमोशन देताना वयाचा विचार व्हायला नको का? की मी एनसीसी सोडू?”

बाळा, अख्ख्या पत्रात मला अडवलं ते एका वाक्याने. पप्पांना अजून सांगितलेलं नाही.

का रे? फौजेतला माणूस घरात बसलाय. आयुष्यभर रँक, हुद्दा, सीनियॉरिटी यांतच वावरलाय. खरोखर अन्याय झाला असता तर तू त्याच रात्री जेवताना ताटावरच सांगितलं असतंस, आणि तुला मनातून खात्री असती की पप्पा उद्या कॉलेजात जाऊन एएनओ सरांना, म्हणजे एनसीसी बघणाऱ्या प्राध्यापकांना, जाब विचारतील. तू गप्प राहिलास. न भेटलेल्या एका बाईला चार पानं लिहिलीस, पण शेजारच्या खोलीतल्या सुभेदाराला एक वाक्य सांगितलं नाहीस. ते काय विचारतील हे तुला ठाऊक आहे, म्हणून.

तुझे पप्पा शिपाई म्हणून भरती झाले असतील. लान्स नायक, नायक, हवालदार, नायब सुभेदार अशा पायऱ्या चढत सुभेदार झाले असतील, आणि त्यात कितीतरी वर्षं गेली असतील. दरम्यान दर वर्षी त्यांच्या पलटणीत डेहराडूनच्या नाहीतर चेन्नईच्या ट्रेनिंग अकादमीतून नवे लेफ्टनंट येत राहिले. एनडीएतून गेलेला मुलगा तीन वर्षं खडकवासल्याला आणि एक वर्ष डेहराडूनला काढून एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी खांद्यावर दोन स्टार लावून पलटणीत हजर होतो. तुझ्याहून लहान! आणि तुझे पप्पा, कानशिलं पांढरी झालेली, त्याला सॅल्यूट करायचे. त्यांनी तो दर दिवशी केला. त्यांचं नाक कापलं गेलं असं तुला कधी वाटलं होतं का?

आणि तो लेफ्टनंट सुभेदाराला काय म्हणतो, माहीत आहे ना? ‘साहब’ म्हणतो. सॅल्यूट घेतो आणि साहब म्हणतो. नव्या ऑफिसरला पलटण कशी चालते, कुठल्या जवानाच्या घरी काय अडचण आहे, कुणाशी कसं बोलायचं, हे हाच सुभेदार शिकवतो. तो शहाणा ऑफिसर असेल तर आपणहून विचारायला येतो. आता तुझं पत्र पुन्हा वाच. ती परेडमध्ये मॅडम आहे, परेड सुटल्यावर तुला दादा म्हणते, आणि अडलं तेव्हा तुझ्याकडेच आली. वयाचा मान म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? तो तुला मिळाला होता. तू म्हणालास, रँक तुझ्याकडे आहे, तू बघ.

नवीन लेफ्टनंटला तुझ्या पप्पांनी हे उत्तर दिलं असतं का, हा प्रश्न मी तुला विचारत नाही. त्यांना विचार.

आता तुझ्या मुद्द्याकडे येते. वयाचा विचार व्हावा का? शाळेत थोडाफार व्हावा. ज्युनिअर डिव्हिजनला तेराव्या वर्षापासून मुलं येतात, तिथे आठवीचं पोरगं आणि दहावीचा मिसरूड फुटलेला दादा यांच्या ताकदीत, आवाजात, धीरात खरंच फरक असतो. शिक्षकाला तो बघावाच लागतो. कॉलेजच्या सीनियर डिव्हिजनला वीस काय नि तेवीस काय. तिथे हजेरी, कॅम्प, एनसीसीच्या बी सर्टिफिकेट परीक्षेचे मार्क, ड्रिल आणि बाकीची पोरं कुणाचं ऐकतात एवढंच बघावं. थल सैनिक कॅम्पला दिल्लीपर्यंत पोचायचं तर त्याआधी निवडीचे कॅम्प ओळीने करावे लागतात. फायरिंग, मॅप रीडिंग, ऑब्स्टॅकल, सगळ्यांत टिकावं लागतं. ती टिकली. तू तेव्हा कंपनीत होतास. तुझी गरज असेल, मला मान्य आहे, पण ती गरज रँकच्या यादीत भरून देता येत नाही. (आणि ‘ती मुलगी आहे हा मुद्दा नाही’ हे वाक्य तू लिहिलं नसतंस तर मला ते जास्त पटलं असतं.)

दुसरं असं की, तू मागतोयस तो नियम उद्या खरंच झाला, तर त्याचा पहिला फटका तुलाच बसेल. तुला ऑफिसर व्हायचंय. झालास तर चोवीस-पंचविसाव्या वर्षी तुझ्यासमोर तुझ्या पप्पांच्या वयाचे सुभेदार साहेब उभे असतील, आणि तू त्यांना ऑर्डर देणार. तेव्हा कुणी म्हटलं, या पोराला कशाला सॅल्यूट, वयाला काही मान आहे की नाही? तर काय सांगशील?

मला तुझं खरं दुखणं वेगळंच वाटतं. आयटीआय आणि कंपनीतली मिळून तीन वर्षं. ती वाया गेली, आपण मागे पडलो, बरोबरीचे पुढे गेले, हे तुला रोज टोचत असणार. वर्गात मुलं दादा म्हणतात तेव्हाही टोचत असेल. त्या तीन वर्षांचं काहीतरी हातात पडावं म्हणून तू त्या रँककडे डोळे लावून बसलास. हे मला समजतं, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. मशीनवर उभं राहून शिफ्ट केलेला मुलगा सकाळी सहाला ग्राउंडवर हजर राहतो, याची किंमत मला कळते. पण त्या वर्षांची भरपाई एका वीस वर्षांच्या मुलीकडून वसूल करायची नाही.

वयाचा हिशेब करायचाच असेल तर तो दुसरीकडे कर. स्पेशल एंट्रीला वयाची अट १९ ते २५ अशी आहे. एनसीसीचं त्याच्या पुढचं सी सर्टिफिकेट किमान बी ग्रेडचं लागतं आणि पदवीला किमान पन्नास टक्के. ऑफिसर भरतीची सीडीएस ही लेखी परीक्षा द्यावी लागत नाही, अर्जांची छाननी झाली की थेट एसएसबीला, म्हणजे निवडीच्या मुलाखतीला, बोलावतात. त्यासाठी कॉलेजात सीनियर अंडर ऑफिसर असण्याची अट कुठेच नाही. म्हणजे ज्या गोष्टीवरून तू रुसलायस तिचा तुझ्या स्वप्नाशी काही संबंध नाही, आणि रुसून तू ज्या परेड बुडवतोयस त्यांचा आहे. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली तर सीच्या परीक्षेला बसताच येणार नाही. तेवीस पूर्ण झालीयेत तुला. एक वर्ष असंच घालवलंस तर पुढे किती प्रयत्न उरतील ते तूच मोज. सोडू का म्हणे!

तेव्हा एकच काम सांगते. आज रात्री जेवण झालं की पप्पांना सांग. कुरबुरीच्या सुरात नको. सरळ सांग की यंदा सीनियर अंडर ऑफिसर दुसरी झाली, वयाने लहान आहे, मी अंडर ऑफिसर आहे आणि मला ते सोसत नाहीये. आणि ती विचारायला आली तेव्हा तू काय बोललास तेही सांग, गाळू नकोस. मग त्यांना विचार की त्यांच्या पलटणीत पहिल्यांदा एखादा कोवळा लेफ्टनंट आला तेव्हा त्यांना कसं वाटलं होतं. कदाचित त्यांनाही लागलं असेल. कदाचित हसतील. कदाचित शिव्या घालतील, फौजी माणूस आहे. ते जे सांगतील ते माझ्या या कागदापेक्षा तुझ्या जास्त कामाचं आहे, आणि मला वाटतं त्यांनाही कुणीतरी हे विचारण्याची वाट असेल. रिटायर झालेल्या सुभेदाराला घरात वीजबिलाशिवाय फारसं कुणी काही विचारत नाही.

पुढच्या परेडला फॉल इनच्या, म्हणजे रांगा लागण्याच्या, अर्धा तास आधी जा. यंदाच्या गार्डचा क्रम तिला बरोबर सांग, पाहुणे आल्यापासून सलामी शस्त्रपर्यंत, आणि मागच्या वर्षी तुझं कुठे चुकलं होतं तेही. मग रांगेत तुझ्या जागेवर उभा राहा. आणि जाता जाता एएनओ सरांकडे तुझी हजेरी किती भरलीय ते बघून घे.