सोयाबीनचे ३५ हजार: आधी पॉलिसी की आधी डॉक्टर?

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यात आमचं पाच एकर कोरडवाहू वावर आहे. बायको ३९ वर्षांची. चार महिन्यांपासून तिच्या दोन्ही हातांची बोटं सुजतात, सकाळी तास-दीड तास मूठ वळत नाही. गावातले डॉक्टर दर दहा दिवसांनी सुई-गोळ्या देतात, ३५० रुपये लागतात. आरए फॅक्टर (संधिवातासाठीची रक्ततपासणी) नॉर्मल आला, तरी आता तेच म्हणतात की संधिवात वाटतो, मोठ्या डॉक्टरला दाखवा. सोयाबीनच्या चुकाऱ्यातले ३५ हजार हातात आहेत. मेहुणा विम्याचं काम करतो. तो म्हणतो, आधी १९,४०० रुपयांची मेडिक्लेम काढा, आजाराचं निदान कागदावर येऊ देऊ नका, मग दाखवा. बायको म्हणते, कापसाची वेचणी आटपू द्या. हरभराही पेरायचा आहे. काय करू?

उत्तर: भाऊ, या पैशांतून पहिला खर्च डॉक्टरचा करा, आणि तोही याच आठवड्यात.

मेहुण्यांचं मन वाईट नसेल, पण हिशेब चुकला आहे. आजाराचं निदान कागदावर येऊ द्यायचं नाही म्हणतात, पण रक्त तपासलं तेव्हाच ते अर्धं आलं. विम्याच्या नियमात ‘आधीपासूनचा आजार’ म्हणजे फक्त नाव पडलेला आजार नव्हे. पॉलिसीच्या आधीच्या ३६ महिन्यांत ज्यासाठी वैद्यकीय सल्ला किंवा उपचार घेतला, तोही त्यात धरतात. अशा आजारासाठी कंपनी ३६ महिन्यांपर्यंत थांबायला लावू शकते. फॉर्मवर लपवलं आणि उद्या उघड झालं, तर क्लेमही जातो आणि पॉलिसीही.

आता समजा, लपलं. तरी काय मिळणार? साधी मेडिक्लेम भरती झाल्यावर कामाची. संधिवाताचा बहुतेक खर्च ओपीडीतला, म्हणजे भरती न होता होणारा असतो: तपासणी, गोळ्या, पुन्हा तपासणी. १९,४०० भरून त्यातलं जवळजवळ काहीच वसूल होणार नाही. भरतीची वेळ आलीच, तर महात्मा फुले जन आरोग्य आणि आयुष्मान या सरकारी योजना मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे. कार्ड काढलं नसेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी ते काढा, हप्ता भरावा लागत नाही.

आता वहिनींचं ‘वेचणी होऊ द्या’. यातच तुमचं सगळ्यात मोठं नुकसान आहे. पूर्वी दिवसाला ४५ किलो वेचत असतील आणि आता २० वर आल्या असतील, तर उरलेल्या २५ किलोंसाठी बाया लावाव्या लागतील. किलोला १० रुपये धरले तरी रोजचे २५० गेले. वीस दिवसांत ५,०००. तुमच्याकडचे खरे आकडे घालून पाहा, फार फरक पडणार नाही. सुई-गोळ्यांत चार महिन्यांत ४,२०० आधीच गेलेत. म्हणजे ‘सध्या खर्च नको’ म्हणत तुम्ही खर्चच करताय, फक्त तो वहीत दिसत नाही.

माझं काम पैशांचं, औषधांचं नाही. पण एवढं पक्कं ठाऊक आहे की या आजारात सांध्याची झीज सुरुवातीच्या काळातच सुरू होऊ शकते आणि एकदा झिजलेलं हाड परत येत नाही. म्हणून तज्ज्ञ लवकर गाठायचा. आरए फॅक्टर नॉर्मल आला म्हणजे आजार नाही असंही नसतं, तो निगेटिव्ह असूनही संधिवात असलेले रुग्ण असतात. आणि सुईत स्टेरॉइड असेल तर त्याने सूज दबते, सांधा वाचेलच असं नाही. ती सुई मनाने एकदम बंद करू नका, रिकाम्या पट्ट्या-चिठ्ठ्या पिशवीत घालून तज्ज्ञाला दाखवा.

जायचं कसं? प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात रेफरची चिठ्ठी मागा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत, तेव्हा सीबीसी, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या होत असतील तर तिथेच करून घ्या. चिठ्ठीवर ‘दोन्ही हातांचे लहान सांधे, चार महिने, सकाळचा ताठरपणा तासाच्या वर’ हे लिहून घ्याच. नुसतं ‘अंगदुखी’ लिहिलेली चिठ्ठी मोठ्या दवाखान्यात रांगेच्या शेवटी जाते. मग सेवाग्रामचा दवाखाना, किंवा नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज अथवा एम्स. सेवाग्राम तुम्हाला जवळजवळ निम्म्या वाटेवर पडेल. निघण्याआधी फोन करून संधिवाताचे रुग्ण कोणत्या वारी पाहतात ते विचारा. नाहीतर दिवस फुकट जातो आणि वरून दुसरी फेरी. एसटीत वहिनींना अर्धं तिकीट आहेच. खासगी लॅबची ‘फुल बॉडी’ पॅकेजं घेऊ नका. अँटी-सीसीपी वगैरे संधिवाताच्या रक्ततपासण्या तज्ज्ञाने लिहिल्या तरच.

पैशांची वाटणी मी अशी करेन. पहिल्या फेरीला ५,००० काढा. पुढच्या सहा महिन्यांसाठी महिना १,२०० प्रमाणे ७,२०० वेगळ्या खात्यात टाका. बहुतेकांना सुरुवातीला साध्या गोळ्यांवर ठेवतात. त्यातली मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर घात होतो. ती तशी महाग नाही, जन औषधीत मिळाली तर आणखी स्वस्त. पण तिच्यासोबत रक्त आणि लिव्हरची तपासणी ठरलेल्या अंतराने करावी लागते. लोक गोळ्यांचे पैसे धरतात आणि ही तपासणी विसरतात. ७,२०० त्यासाठीही आहेत. वहिनींच्या खात्यात लाडक्या बहिणीचे १,५०० येत असतील तर मग तेच या कामी लावा, ७,२०० हात न लावता राहतील.

उरतात २२,८००. हरभऱ्याचं बियाणं-खत यातून निघावं. कमी पडलं तर सावकाराकडे जाऊ नका. महिना शेकडा ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के होतात, पीककर्ज वेळेत फेडलं तर त्याच्या जवळपासही व्याज लागत नाही. तुमच्या स्वतःच्या नावावर बँकेतली वर्षाला ४३६ रुपयांची जीवनज्योती विमा पॉलिसी काढून ठेवा, वय ५० च्या आत असेल तर.

मेहुण्यांना नाराज करायचं नसेल तर सांगा की पॉलिसी पुढच्या सोयाबीनला पाहू, आणि फॉर्म भरताना निदानाचा कागद सोबत जोडू.