सिरॅमिक फिल्म घ्या, पण कर्जात घालून नको

वाचकाचा प्रश्न: नवी गाडी घेतली आहे, कर्ज सात वर्षांचं. कामामुळे रोज चार तास गाडीतच जातात, तेही बहुतेक भर उन्हात, आणि फोनवरचं नेव्हिगेशन सतत चालू असतं. ऊन अडवायला काचांना मेटॅलिक फिल्म लावावी की सिरॅमिक? सिरॅमिकचे अडीचपट पैसे सांगितलेत. विक्रेता म्हणतो, रक्कम कर्जातच घाला, हप्त्यात कळणारही नाही. गाडी कर्ज फिटेपर्यंत नक्की ठेवणार. हाताशी शिल्लक आहे ती दोन महिन्यांच्या खर्चाएवढी.

उत्तर: तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते ‘हप्त्यात कळणारही नाही’ हे वाक्य. म्हणून आधी तेच बघू. मेटॅलिक फिल्मची किंमत एक भाग धरा, म्हणजे सिरॅमिक अडीच भाग. ही रक्कम १० टक्के व्याजाने सात वर्षांच्या कर्जात घातली, तर फेडून होईपर्यंत अडीचाचे जवळपास साडेतीन भाग होतात. म्हणजे मेटॅलिक फिल्मच्या किमतीएवढी रक्कम निव्वळ व्याजात गेली. दरमहा ती कळत नाही, हे खरं आहे. पण न कळता जाणारा पैसा शेवटी तुमचाच असतो. हा पर्याय आत्ताच बाजूला ठेवा.

आता फिल्मकडे वळू. मेटॅलिक फिल्ममध्ये ॲल्युमिनियम, निकेल-क्रोमियम अशा धातूंचा अतिशय पातळ थर असतो. तो ऊन आरशासारखं परतवतो आणि टिकतोही चांगला. साध्या रंगवलेल्या फिल्मसारखा काही वर्षांत जांभळा पडत नाही. पण धातूचा सलग थर उन्हाबरोबर रेडिओलहरीही अडवतो. फोन, जीपीएस, टोलचा टॅग, काचेत बसवलेली अँटेना यांपैकी कशावर किती परिणाम होईल, हे गाडीगणिक बदलतं आणि फिल्म लावून झाल्यावरच कळतं. सिरॅमिकमध्ये असा सलग थर नसतो. त्यात धातूंच्या ऑक्साइड-नायट्राइडसारख्या संयुगांचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. ते अवरक्त (इन्फ्रारेड) किरण, म्हणजे उन्हातले न दिसणारे उष्णतेचे किरण, मुख्यतः शोषून घेतात आणि सिग्नल जाऊ देतात.

‘शोषून घेतात’ हा शब्द तुमच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. शोषलेल्या उष्णतेने काच तापते. गाडी धावत असली की बाहेरचा वारा त्यातली बरीच उष्णता ओढून नेतो. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तिचा मोठा वाटा आत उतरतो. तुमची गाडी उन्हात उभी राहण्यापेक्षा धावते जास्त, म्हणून तुम्हाला सिरॅमिकचा पुरेपूर उपयोग होईल. गाडी दिवसभर पार्किंगमध्येच तापत असती, तर अडीचपट पैसे मोजा असं मी सांगितलं नसतं.

दुकानात तुम्हाला दिव्याचा प्रयोग दाखवतील. काचेमागे लाल दिवा लावतात, तुमचा हात पुढे धरायला सांगतात, मग मध्ये सिरॅमिकचा तुकडा सरकवतात आणि हाताला लागणारी झळ एकदम थांबते. प्रयोग खोटा नाही, पण तो दिवा जवळजवळ सगळी उष्णता अवरक्त किरणांतूनच टाकतो. उन्हाच्या ऊर्जेत अवरक्त किरणांचा वाटा साधारण निम्माच. त्यामुळे ‘९० टक्के अवरक्त रोखते’ याचा अर्थ, अगदी उदारपणे धरलं तरी, एकूण उन्हातले ४५ टक्के. तुम्ही एकच आकडा विचारा: टीएसईआर, म्हणजे एकूण सौरऊर्जेपैकी किती टक्के बाहेर राहते. आणि तुलना करताना दोन्ही फिल्ममधून सारखाच उजेड आत येत असला पाहिजे, म्हणजे व्हीएलटी सारखा हवा. गडद फिल्मचा टीएसईआर नुसता उजेड अडवूनही वाढतो.

सात वर्षांचा हिशोब मांडला तर फरक दीड भागाचा, म्हणजे वर्षाला मेटॅलिकच्या किमतीच्या साधारण एक पंचमांश. हा पैसा परत येणार नाही. एसीवरचा भार थोडा हलका होईल, पण ती बचत मी हिशोबात धरत नाही, आणि गाडी विकताना फिल्मचे वेगळे पैसे कुणी देत नाही. हा सोयीचा खर्च आहे. मला तो तुमच्या बाबतीत योग्य वाटतो, कारण नेव्हिगेशनवर तुमचं काम अवलंबून आहे.

यात माझा स्वतःचा अनुभवही आहे. आधीच्या गाडीला मी स्वस्त म्हणून मेटॅलिक लावली होती. टोलनाक्यावर टॅग वाचला जाईना. प्रत्येक वेळी काच खाली करून तो हाताने बाहेर धरायचा, मागून हॉर्न. वर्षभराने काढून घेतली, तेव्हा मागच्या काचेवरच्या डिफॉगरच्या (काच तापवून धुकं घालवणाऱ्या तारांच्या) दोन रेघा चिकटद्रव्याबरोबर उखडून आल्या. म्हणजे एक भाग आधी गेला, वर काढणावळ, त्यावर सिरॅमिकचे अडीच. कर्जाची वाट धरा नाहीतर ही, साडेतीन भागांच्या आत सुटका नाही.

दोन महिन्यांची शिल्लक मात्र फिल्मसाठी मोडू नका. अनियमित फिरतीच्या कामात ती तशीही कमीच आहे. सिरॅमिक टप्प्याटप्प्याने लावा. आधी फक्त पुढच्या दोन दारांच्या काचा, कारण चार तास ऊन तुमच्या दंडावर आणि मांडीवर तिथूनच येतं. समोरची काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली असते, तिच्यातून अतिनील किरण जवळजवळ येतच नाहीत; उष्णता मात्र भरपूर येते. तुमच्याकडच्या कायद्यात बसत असेल तर तिला पारदर्शक सिरॅमिक पुढच्या टप्प्यात. बऱ्याच देशांत पुढच्या काचांमधून किमान ७० टक्के उजेड जावा लागतो, आणि ही मोजणी काच व फिल्म मिळून होते. काच स्वतःच थोडा उजेड अडवते हे विसरू नका. मागच्या काचा वर्षभर थांबल्या तरी चालेल.

पहिल्या टप्प्याचे पैसे दरमहाच्या बचतीतून तीन-चार महिने वेगळे काढा. बिलावर फिल्मचं पूर्ण नाव आणि व्हीएलटी लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी तीच छटा मिळेल. वॉरंटी फिल्म बनवणाऱ्या कंपनीची आहे की नुसती लावणाऱ्या दुकानाची, तेही विचारा. बुडबुडे, सोलपट आणि काढणावळ यांपैकी काय त्यात येतं, ते लेखी हवं. विमा पॉलिसीत फिल्मची नोंद करता येते का तेही बघा; काच फुटली तर नवी काच फिल्मशिवायच येते. लावल्यावर काही दिवस काचा खाली करायच्या नाहीत, पाण्याचे बारीक फुगे दिसले तर घाबरू नका, ते सुकताना जातात. आणि काच पुसायला अमोनिया असलेलं क्लीनर वापरू नका.