वाचकांचे प्रश्न : व्हिटबीची लाइफबोट आणि बिनपगारी खलाशी

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असतो. व्हिटबी या बंदराच्या गावी तो फिरायला गेला असता, तेथील लाइफबोट केंद्रातील माणसे पगार न घेता बुडणाऱ्यांना वाचवायला समुद्रात जातात, असे त्याला कळले. सरकार असताना हे काम गावकऱ्यांकडे कसे आले? त्याचा खर्च कोण करते? आणि आपल्या किनाऱ्यावर अशी केंद्रे का नाहीत?
– एक वाचक, चेंदणी कोळीवाडा, ठाणे

उत्तर : हे काम सरकारने गावकऱ्यांवर सोपवलेले नाही, गावकरी ते आधीपासूनच करत होते. व्हिटबीत लाइफबोट आली ती १८०२ साली. सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने देशव्यापी संस्था स्थापन झाली ती १८२४ मध्ये, आणि आज ‘रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संस्थेने व्हिटबीचे केंद्र आपल्याकडे घेतले ते १८६१ मध्ये.

त्याच वर्षी, ९ फेब्रुवारीला, मोठ्या वादळात व्हिटबीच्या खलाशांनी दिवसभरात पाच वेळा नाव पाण्यात लोटून बुडत्या जहाजांवरची माणसे किनाऱ्याला आणली. सहाव्या खेपेला नाव उलटली आणि तेरापैकी बारा जण गेले. वाचलेल्या एकट्या हेन्री फ्रीमनच्या अंगात संस्थेचे निरीक्षक कॅप्टन वॉर्ड यांनी १८५४ साली तयार केलेले, बुचाचे नव्या पद्धतीचे जाकीट होते. त्या जाकिटाची उपयुक्तता पटवायला पुढे दुसरा दाखला लागला नाही.

हाच फ्रीमन पुढे लाइफबोटीचा कॉक्सवेन, म्हणजे आपल्या भाषेत तांडेल, झाला. जानेवारी १८८१ मध्ये ‘व्हिजिटर’ नावाचे जहाज जवळच्या रॉबिन हूड्स बे येथे फुटले, तेव्हा तेथील नाव वापरण्याजोगी नसल्याने व्हिटबीला तार आली. समुद्रमार्गे जाणे अशक्य होते. म्हणून सुमारे दोनशे माणसांनी सात-सात फूट बर्फ उपसून वाट काढली आणि अठरा घोडे जुंपून लाइफबोट सहा मैल जमिनीवरून ओढत नेली. पहिल्या प्रयत्नात लाटांनी वल्ही मोडल्याने नाव परतली. जादा माणसे घेऊन ती पुन्हा निघाली आणि जहाजावरचे सगळे वाचले. नावेत बसणारे मूठभर असले, तरी केंद्र चालवायला अख्खे गाव लागते, हे या एका घटनेतून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही अहवालातून होणार नाही.

वल्ह्यांच्या नावांची मर्यादा १९१४ मध्ये उघडी पडली. २२९ जण असलेले ‘रोहिला’ हे रुग्णालय-जहाज ३० ऑक्टोबरच्या पहाटे किनाऱ्यालगतच्या खडकावर आदळले. व्हिटबीच्या नावेने दोन खेपांत ३५ जणांना आणले आणि मग ती स्वतःच निकामी झाली. जहाजावर शेवटपर्यंत अडकलेल्या ५० जणांची सुटका १ नोव्हेंबरला टाइनमथहून आलेल्या मोटारीच्या लाइफबोटीने केली, ८५ जण मात्र दगावले. इंजिनाविषयी कुरकुरणाऱ्या जुन्या खलाशांचा विरोध त्यानंतर ओसरला. तरीही वल्ह्यांची एक नाव व्हिटबीत १९५७ पर्यंत सेवेत होती.

खर्चाचे म्हणाल, तर १८५४ ते १८६९ या काळात संस्थेने सरकारी अनुदान घेतले आणि नंतर ते बंद केले. १८८६ मध्ये ‘मेक्सिको’ जहाजाच्या मदतीला गेलेले लाइफबोटींवरचे २७ खलाशी बुडाले. त्यांच्या कुटुंबांचे हाल पाहून मदतनिधीची मोठी चळवळ उभी राहिली आणि १८९१ मध्ये मँचेस्टरच्या रस्त्यांवर डबे फिरवून वर्गणी गोळा झाली. आजही संस्था मुख्यतः देणग्या आणि मृत्युपत्रांतून मिळणाऱ्या रकमांवर चालते. ‘बिनपगारी’ हा शब्द मात्र जपून वापरावा. पूर्वी वल्हवणाऱ्यांना प्रत्येक खेपेमागे काही मोबदला मिळत असे, आणि आज मोठ्या नावांवर मेकॅनिकसारखे काही जण पगारी असतात. बाकीचे आपापल्या दुकानातून, कामावरून पेजर वाजताच धावत येतात. ही हाक तेथील सरकारी तटरक्षक यंत्रणा देते. नाव मात्र संस्थेची असते.

आपल्याकडे ही विभागणी झालीच नाही. तटरक्षक दल १९७८ च्या कायद्याने उभे राहिले आणि समुद्रातील बचावाची जबाबदारी त्याच्याकडे आली. प्रत्यक्षात मात्र आधी पोहोचतो तो बहुधा कोळीच. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा मासळी घेऊन मुंबईला येणाऱ्या रेवसच्या कोळ्यांनी अनेकांना आपल्या होड्यांत ओढून घेतले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीच्या वाटेवर ‘नीलकमल’ बुडाली, तेव्हाही नौदल आणि तटरक्षक दलाबरोबर मच्छीमारांच्या व जवाहरलाल नेहरू बंदराच्या नौका मदतीला होत्या. म्हणजे माणसे आणि कसब आपल्याकडे आहे. नाही ती त्यांच्यासाठी राखलेली नाव, प्रशिक्षण आणि माणूस गेल्यास घर सांभाळणारा निधी. चेंदणीपासून नवी मुंबईतील दिवाळे गावापर्यंतच्या मच्छीमार संस्थांनी या तीन गोष्टींची मागणी एकत्र लावून धरावी, असे आम्हाला वाटते. तोपर्यंत समुद्रात कोणी संकटात दिसल्यास तटरक्षक दलाचा १५५४ आणि खाडीत दिसल्यास पोलिसांचा ११२ हे क्रमांक होडीवरच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्यावेत.